मारिया एजवर्थ आणि 'कॅसल रॅकरेंट': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारिया एजवर्थ कोण? तिला ऐतिहासिक कादंबरीकार का म्हणतात?

मारिया एजवर्थ (१७६८–१८४९) ही आयर्लंडच्या लाँगफर्ड परगण्यातल्या एजवर्थस्टाउन गावची लेखिका. तिची 'कॅसल रॅकरेंट' ही छोटी कादंबरी जानेवारी १८०० मध्ये जोसेफ जॉन्सन या प्रकाशकाने लंडनहून काढली, तेव्हा तिच्यावर लेखिकेचं नावही नव्हतं. एका आयरिश जमीनदार घराण्याचे चार मालक एकामागून एक कसे बुडाले, ते त्यांचा म्हातारा कारभारी थॅडी सांगतो. गोष्ट एवढीच.

इंग्रजीतली पहिली खरी ऐतिहासिक कादंबरी असा मान अनेक अभ्यासक हिला देतात. 'पहिली' म्हणण्यावरून वाद होऊ शकतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या थॉमस लेलँडच्या नावावर असलेली 'लाँगसोर्ड' ही १७६२ मध्येच आली होती आणि तिच्या मुखपृष्ठावर 'ऐतिहासिक' असा शब्दही होता. पण तिथे मध्ययुगीन सरदार, तलवारी आणि कारस्थानं आहेत. एजवर्थने घेतला तो काळ जेमतेम एक-दोन पिढ्यांपूर्वीचा. माणसं जशी वागतात तशी का वागतात, याचं कारण तिने त्या काळाच्या जमीनधाऱ्यात, कायद्यात आणि कर्जात शोधलं. तिच्या पुस्तकात राजा नाही, लढाई नाही. खंडाची, म्हणजे कुळांकडून येणाऱ्या जमीनभाड्याची, वही आहे. आमच्या मते तिचं मोठेपण इथेच आहे, आणि ती वही वाचता आली की कादंबरीही उलगडते.

जन्माचं साल कुठे १७६७, कुठे १७६८ का दिसतं?

जुन्या चरित्रांत १ जानेवारी १७६७ छापलेलं आहे. अलीकडचे संशोधक १ जानेवारी १७६८ धरतात. संदर्भ देताना १७६८ द्या.

जन्म इंग्लंडमधला, मग ती आयरिश कशी?

जन्म ऑक्सफर्डशरमधल्या ब्लॅक बोर्टनला, आजोळी. आई १७७३ मध्ये गेली. शिक्षण डर्बी आणि लंडनच्या शाळांत झालं. १७८२ मध्ये वडील, रिचर्ड लव्हेल एजवर्थ, सगळं कुटुंब घेऊन आपल्या वडिलोपार्जित जमिनीवर कायमचे राहायला आले. मारिया तेव्हा चौदा वर्षांची होती. पुढची सदुसष्ट वर्षं, मधले काही प्रवास सोडले तर, ती त्याच घरात राहिली आणि तिथेच २२ मे १८४९ रोजी वारली.

हे घराणं प्रोटेस्टंट, इंग्रज वंशाचं आणि जमीनदार होतं. आजूबाजूची कुळं बहुतेक कॅथलिक. ही दरी तिच्या प्रत्येक पानावर आहे. ती नजरेआड करून तिला वाचलं तर थॅडीचं अर्धं बोलणं हातून निसटतं.

वडिलांनीच तिची पुस्तकं लिहिली, असं म्हणतात. खरं काय?

लिहिली नाहीत, तपासली, छाटली आणि प्रस्तावना जोडल्या. रिचर्ड लव्हेल हा यंत्रांचा, रस्तेबांधणीचा आणि शिक्षणाचा नाद असलेला माणूस. चार लग्नं, बावीस मुलं. १७९८ चा 'प्रॅक्टिकल एज्युकेशन' हा शिक्षणावरचा ग्रंथ बापलेकींनी मिळून लिहिला. चौथी बायको, फ्रान्सिस बोफर्ट, मारियापेक्षा वर्षभराने लहान होती, आणि दोघींची मैत्री शेवटपर्यंत टिकली. वाऱ्याच्या वेगाचं बोफर्ट मोजमाप ज्याच्या नावावर आहे, तो या फ्रान्सिसचा भाऊ.

वडिलांनी मारियाला दिलेली सगळ्यात मोठी देणगी साहित्यिक नव्हतीच. आयर्लंडला आल्या आल्या त्यांनी तिला जमिनीच्या कामात घेतलं: पत्रं उतरवायची, हिशेब ठेवायचे, कुळं खंड भरायला आली की शेजारी बसून ऐकायचं. मधला इजारदार (मालकाकडून जमीन घेऊन पुढे कुळांना देणारा) त्यांनी ठेवला नव्हता, त्यामुळे कूळ थेट समोर यायचं, गाऱ्हाणं सांगायचं, घासाघीस करायचं. बोलीभाषेवरची तिची पकड या खोलीत तयार झाली.

आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की 'कॅसल रॅकरेंट' वडिलांच्या मदतीविना लिहिली गेली. घरात जॉन लँगन नावाचा एक कारभारी होता. त्याच्या बोलण्याची ती हुबेहूब नक्कल करायची, आत्याला ती फार आवडायची, आणि त्यातून गोष्ट उभी राहिली. पुढे १८३४ मधल्या एका पत्रात तिने लिहिलं आहे की या पुस्तकात प्रत्यक्ष माणसावरून घेतलेलं पात्र एकच, थॅडी. घराण्याच्या पिढ्या त्याच्या डोळ्यांदेखत होऊन जाव्यात इतका वेळ मिळावा म्हणून फक्त त्याचं वय वाढवलं.

'कॅसल रॅकरेंट'मधले चार मालक कोण आणि प्रत्येकजण कशाने बुडतो?

पहिला सर पॅट्रिक. मूळ आडनाव ओ'शॉग्लिन. जमीन मिळवण्यासाठी पार्लमेंटच्या कायद्याने आडनाव बदलून रॅकरेंट करून घेतो. हे नावच बोलकं आहे: जमिनीतून जेवढा निघेल तेवढा पिळून घेतलेला खंड. हा दिलदार, घर पाहुण्यांनी भरलेलं, रास्पबेरी घातलेल्या व्हिस्कीचा शोध याच्या नावावर. दारू पिऊनच जातो आणि अंत्ययात्रेत सावकार कर्जापोटी प्रेतच अडवतात.

दुसरा सर मर्टाग. त्याला कोर्टाचं वेड. प्रेताची विटंबना झाली, आता अब्रूचा प्रश्नच उरला नाही, असं कारण देऊन तो बापाचं कर्ज फेडायला नकार देतो. इंग्रजी वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षरामागे एक खटला. थॅडी अभिमानाने सांगतो की मालकांच्या एकोणपन्नास खटल्यांपैकी सतरा सोडले तर ते एकही हरले नाहीत. कुंपणं दुरुस्त करायला हा माणूस तयार नसतो, कारण कुळांची गुरं, डुकरं, बदकं आत शिरली की दंड मिळतो आणि त्याच्यावर घर चालतं. बायको तशीच चिकट. गरीब मुलांसाठी धर्मादाय शाळा काढते. मुलं फुकट शिकतात आणि बदल्यात बाईसाहेबांचं सूत फुकट कातून देतात.

तिसरा सर किट गावात राहतच नाही. इंग्लंडमधल्या बाथ या शहरात जुगार खेळतो आणि पैशासाठी मुखत्याराला पत्रांवर पत्रं पाठवतो. एका श्रीमंत ज्यू बाईशी लग्न करून येतो. ती आपला हिऱ्यांचा क्रॉस देत नाही, म्हणून तिला सात वर्षं खोलीत कोंडून ठेवतो. द्वंद्वयुद्धात मरतो.

चौथा सर कॉन्डी. गावच्या शाळेत कुळांच्या पोरांबरोबर वाढलेला, लाघवी, आळशी. जुडी आणि इझाबेला या दोघींत कोणाशी लग्न करायचं, हे नाणं उडवून ठरवतो. कधी कोणाला नाही म्हणत नाही, आणि तेवढ्यानेच जमीन जाते.

जमीन शेवटी जेसनकडे जाते ती नेमकी कशी?

हा पुस्तकाचा कणा आहे आणि तो थॅडी मुद्दाम तुकड्यातुकड्यात सांगतो. जेसन हा थॅडीचाच मुलगा. त्याच्या पायऱ्या अशा: सर किटच्या काळात मुखत्याराचे खंडाचे हिशेब तो सुरुवातीला एक पैसाही न घेता उतरवून देतो. त्यामुळे कोणती जमीन कोणाकडे, कोणाचा पट्टा कधी संपतो, हे त्याला मालकाहून आधी कळतं. मग एका चांगल्या शेताचा पट्टा सुटतो आणि तो स्वस्तात त्याच्या पदरात पडतो. जुना मुखत्यार जातो, जेसन मुखत्यार होतो. कॉन्डीच्या काळात पगार थकला की रोख पैशाऐवजी तो जमिनीचे हक्क घेतो. मालकाची बाजारातली कर्जं सावकारांकडून गुपचूप विकत घेतो. शेवटी सगळ्या पावत्या एकत्र करून टेबलावर ठेवतो, आणि कॉन्डीपुढे सही करण्याशिवाय काही उरत नाही.

कुठेही चोरी नाही, खोटा कागद नाही. एक माणूस हिशेब वाचतो, दुसरा वाचत नाही. बायकोच्या, म्हणजे इझाबेलाच्या, वार्षिक नेमणुकीचा एक धागा तेवढा मोकळा राहतो. त्यावरून जेसन आणि इझाबेलाचा कोर्टातला वाद संपायच्या आतच थॅडी थांबतो.

आयरिश जमीनव्यवस्था समजली नाही तर कादंबरी डोक्यावरून जाते. थोडक्यात सांगाल?

वर मूळ जमीनदार. तो अनेकदा लंडनला किंवा बाथला. त्याच्याकडून मोठा तुकडा लांब मुदतीच्या पट्ट्याने घेणारा मधला इजारदार. तो त्याचे बारीक बारीक तुकडे करून भरमसाठ खंडाने पोटकुळांना देतो. खरा नांगर या पोटकुळाच्या हातात.

बिघडतं कुठे, ते एजवर्थने स्वतःच पुस्तकातल्या टिपेत सांगितलं आहे. इजारदाराने वर पैसे भरले नाहीत, तर मूळ जमीनदार त्याच्या मागे लागत नाही. तो आपला माणूस थेट जमिनीवर पाठवतो. जमिनीवर जे असेल ते, म्हणजे पोटकुळाची गुरं, गवत, ओट, जवस, बटाटे, जप्त होऊन विकलं जातं. पोटकुळाने इजारदाराला खंड आधीच चुकता केलेला असला तरी. म्हणजे एकाच जमिनीचा खंड दोनदा. गुरं हाकत कोंडवाड्यात नेणाऱ्या या माणसाला तिथे 'ड्रायव्हर' म्हणत. आधुनिक अर्थ डोक्यात ठेवून वाचलं तर ते वाक्य अगदीच विचित्र लागतं.

पट्ट्यात पैशाखेरीज आणखी बरंच लिहिलेलं असे. ठराविक कोंबड्या, टर्की, बदकं मालकाच्या घरी पोचवायची. पेरणीच्या आणि कापणीच्या ऐन दिवसांत माणूस आणि घोडा घेऊन मालकाच्या शेतावर वेठीला यायचं. त्यात स्वतःचं पीक पावसात भिजलं तरी इलाज नाही, कारण पाऊस दोघांच्या शेतात एकदमच येतो. पट्ट्यावर सही होताना मालकिणीला वेगळी दक्षिणा द्यायची. पट्टा संपला की जमीन लिलावात काढायची, जो जास्त बोलेल त्याला. ज्या कुळाने चर खणले, दगड उचलले, खत घातलं, त्याने जमीन सुधारली म्हणूनच बोली चढते आणि तोच बाहेर पडतो. मग पुढचं कूळ सुधारणा कशाला करील? जमीन का खालावली, याचं उत्तर इथे आहे.

मुखपृष्ठावर '१७८२ पूर्वी' असं का लिहिलं आहे?

पूर्ण शीर्षकात ही गोष्ट १७८२ पूर्वीच्या आयरिश जमीनदारांच्या चालीरीतींची आहे, असं म्हटलं आहे. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. डब्लिनच्या पार्लमेंटला कायदे करण्याची मोकळीक मिळाली आणि एजवर्थ कुटुंब गावी परतलं. 'असे जमीनदार आता उरले नाहीत' हा दिलासा त्या तारखेत आहे.

पण पुस्तक बाहेर आलं ते आयर्लंड आणि ग्रेट ब्रिटन एक करण्याच्या कायद्याची धामधूम चालू असताना. तो कायदा १ जानेवारी १८०१ पासून लागू झाला. रिचर्ड लव्हेल डब्लिनच्या शेवटच्या पार्लमेंटमध्ये सदस्य होते. विलीनीकरण फायद्याचं आहे असं त्यांचं मत होतं, तरी त्यासाठी चाललेली लाचलुचपत पाहून त्यांनी विरोधात मत दिलं. कादंबरीचा समारोपही याच प्रश्नाशी येऊन थांबतो: इंग्लंडहून आलेल्या शिपायांनी आयरिश लोकांना बिअर प्यायला शिकवलं, की त्यांच्याकडून ते व्हिस्की प्यायला शिकले?

थॅडी खरं बोलतो का?

यावर बराच काळ वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, तो भोळा इमानी नोकर आहे, त्याला स्वतःच्या बोलण्यातला विनोद कळत नाही. दुसरा म्हणतो, तो पक्का आहे आणि मुलाला वाट करून देतो. आम्ही दुसऱ्या बाजूला झुकतो, पण पूर्ण नाही. त्याची माया खोटी वाटत नाही. कॉन्डी मरतो तेव्हा शेजारी तोच असतो. मात्र जेसनबद्दल काही सांगायची वेळ आली की तो किती पटकन विषय बदलतो, ते वाचताना टिपत जा.

त्याचा कोट पाहा. पहिल्याच पानावर तो सांगतो की हा लांब कोट तो उन्हाळा-हिवाळा अंगावर घेतो, बाह्यांत हात कधी घालत नाही, गळ्याशी एकाच गुंडीवर अडकवतो, आणि सात वर्षं झाली तरी बाह्या नव्यासारख्या आहेत. त्याच परिच्छेदात पंधराशे पौंडांहून जास्त उत्पन्नाची जमीन असलेला वकील मुलगा येतो, जो बापाकडे तुच्छतेने बघतो. गरिबी आणि हिशेब एकाच कोटात.

परिशिष्टातले खुलासे वाचायलाच हवेत का?

हो, आणि पहिल्या वाचनातच. इंग्रज वाचकाला कळावं म्हणून ते शेवटच्या क्षणी जोडले गेले, पण आता ते कादंबरीचाच भाग झाले आहेत. थॅडी बोलतो कुळाच्या भाषेत. टिपा लिहिणारा संपादक बोलतो शिकलेल्या जमीनदाराच्या भाषेत. दोघांचा सूर जुळत नाही, आणि ते मुद्दाम आहे. थॅडीचं कथन 'सोमवार सकाळ' या शब्दांनी सुरू होतं. खुलासा सांगतो की आयर्लंडमध्ये कुठलंही मोठं काम सोमवार सकाळशिवाय सुरू होत नाही: देवाच्या कृपेने सोमवारपर्यंत जगलो तर छप्पर शाकारायला माणूस लावू. छप्पर मात्र गळतच राहतं.

निवडणुकीतला मातीच्या ढेकळांचा प्रसंग काय आहे?

सर कॉन्डी पार्लमेंटच्या निवडणुकीला उभा राहतो. परगण्यात मत देण्यासाठी माणसाकडे हयातीच्या मुदतीची, वर्षाला ४० शिलिंगांची जमीन असावी लागे आणि तशी शपथ घ्यावी लागे. कॉन्डीने रातोरात कागदोपत्री केलेले मतदार त्या जमिनीवर कधी उभेही राहिले नव्हते, म्हणून शपथ घ्यायला कचरतात. कॉन्डी आपल्या शेतातून टोपल्या भरून ढेकळं आणवतो आणि प्रत्येकाला एकेका ढेकळावर उभं करतो. आता शपथ खरी! कॉन्डी निवडून येतो. त्या निवडणुकीचा खर्च त्याला पुरता बुडवतो.

कोंडून ठेवलेल्या बायकोची गोष्ट अतिशयोक्ती नाही का?

नाही. एजवर्थने तिथे लेडी कॅथकार्टचा उल्लेख करणारी टीप दिली आहे. तिच्या नवऱ्याने, कर्नल मॅग्वायरने, तिला आयर्लंडमधल्या घरात वीसहून अधिक वर्षं कोंडून ठेवलं होतं. कादंबरीतली सात वर्षं वास्तवाच्या मानाने कमीच.

१७९८ च्या उठावात या कुटुंबाचं काय झालं?

इंग्रजांच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या आयरिश बंडखोरांच्या मदतीला ऑगस्टमध्ये फ्रेंच फौज आयर्लंडच्या किनाऱ्यावर किलालाला उतरली आणि ८ सप्टेंबरला लाँगफर्ड परगण्यातच बॅलिनमक इथे तिचा पराभव झाला. बंडखोर जवळ आल्यावर एजवर्थ कुटुंब घर सोडून लाँगफर्ड शहरात गेलं. दारूगोळ्याची गाडी वाटेत उडाली. तिच्या सोबतीने निघायचं त्यांच्या जवळजवळ ठरलं होतं.

संकट आलं ते दुसऱ्याच बाजूने. रिचर्ड लव्हेलने उभारलेल्या स्वयंसेवक सैनिकांच्या तुकडीत कॅथलिकांनाही घेतलं होतं, त्यामुळे शहरातल्या कडव्या प्रोटेस्टंटांचा आधीच संशय. रिचर्ड लव्हेल यांनी तुरुंगाच्या भिंतीवर दोन मेणबत्त्यांच्या उजेडात वर्तमानपत्र वाचलं, आणि फ्रेंचांना खुणा केल्या असं म्हणून जमावाने त्यांना जवळजवळ दगडांनी ठेचलं होतं. इकडे घराला धक्काही लागला नव्हता. बंडखोरांतला एकजण आडवा उभा राहिला होता, कारण आदल्या वर्षी घरातल्या कारभारणीने त्याच्या बायकोला अडचणीत सोळा शिलिंग उसने दिले होते, जवसाच्या तुकड्याचा खंड भरायला. या लेखिकेच्या आयुष्यात इतिहास पुन्हापुन्हा खंडाच्या रूपाने दारात येतो.

वॉल्टर स्कॉटशी तिचा संबंध काय?

स्कॉटच्या 'वेव्हर्ली'ने (१८१४) युरोपभर ऐतिहासिक कादंबरीची लाट आणली. त्याच पुस्तकाच्या अखेरीस त्याने लिहिलं की मिस एजवर्थने रंगवलेल्या आयरिश चित्रांच्या थोडं तरी जवळ जावं, हा आपला हेतू होता. पुस्तक निनावी होतं, तरी तिने ते आवडल्याचं लेखकाला कळवलं. १८२३ मध्ये ती त्याच्या ॲबट्सफर्डच्या घरी राहिली, १८२५ मध्ये तो एजवर्थस्टाउनला आला.

स्कॉटने तिच्याकडून घेतलं ते एवढं: स्थानिक बोली विनोदापुरती न ठेवता तिच्यातून समाज उभा करायचा. त्यात राजे आणि लढाया त्याने स्वतःच्या घातल्या. 'एजवर्थ ही स्कॉटची शिष्या' असं वाचलंत तर साल पाहा. ती चौदा वर्षं आधीची आहे.

बाकीच्या आयरिश कादंबऱ्या कोणत्या?

'आँवी' (१८०९): कंटाळ्याने ग्रासलेला एक अर्ल, आणि दाईने जन्मतःच केलेली अदलाबदल; मागे १७९८ चा उठाव. 'द ॲबसेंटी' (१८१२): आईबाप लंडनच्या बड्या लोकांत शिरायला पैसा उधळतात, तरुण लॉर्ड कोलँबर ओळख लपवून आपल्या जमिनी बघायला जातो. त्याला एक भला मुखत्यार भेटतो आणि एक लुटारू, आणि दोघांच्या हाताखालची गावं शेजारी शेजारी ठेवून दाखवली आहेत. हे आधी नाटक होतं. ते रंगभूमीवर आणायची परवानगी मिळणार नाही असं दिसल्यावर तिने कादंबरी केली.

'ऑर्मंड' (१८१७) सर्वांत प्रेमळ. ब्लॅक आयलंड्सचा किंग कॉर्नी हे त्यातलं पात्र विसरता येत नाही. वडील मरणपंथाला लागलेले असताना ती घाईने लिहिली गेली. ३१ मे १८१७ ला त्यांच्या वाढदिवशी त्यांना वाचून दाखवली आणि १३ जूनला ते गेले. तिच्यासोबतच छापलेली 'हॅरिंग्टन' लंडनमध्ये घडते आणि १७८० च्या कॅथलिकविरोधी गॉर्डन दंगलींपर्यंत पोचते. तिची जन्मकथा वेगळी आहे. 'द ॲबसेंटी'तल्या ज्यू पात्राबद्दल रेचल मॉर्डेकाय या अमेरिकेतल्या ज्यू शिक्षिकेने तिला तक्रारीचं पत्र लिहिलं. एजवर्थने चूक मान्य केली आणि भरपाई म्हणून ही कादंबरी लिहिली. दोघींचा पत्रव्यवहार पुढे वर्षानुवर्षं चालला.

कोणती आवृत्ती वाचावी?

'कॅसल रॅकरेंट' शंभर-सव्वाशे पानांची आहे आणि प्रताधिकारमुक्त असल्याने प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळते. डाउनलोड केल्यावर प्रस्तावना, तळटिपा आणि शेवटचे खुलासे, तिन्ही आहेत ना ते आधी बघा. काही स्वस्त छपाईंत खुलासे गाळलेले असतात. ती घेऊ नका.

'बेलिंडा' (१८०१) वाचणार असाल तर जास्त काळजी घ्या, कारण दोन वेगळे पाठ चालू आहेत. पहिल्या आवृत्त्यांत ज्यूबा हा कृष्णवर्णीय नोकर ल्यूसी या इंग्रज शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न करतो. १८१० च्या आवृत्तीत ते लग्न काढून टाकलं आणि ल्यूसीची गाठ जेम्स जॅक्सनशी घातली. पुस्तकात 'जॅक्सन' शोधा. नवरदेव म्हणून सापडला तर तुमच्या हातात छाटलेला पाठ आहे.

तिचा भारताशी काही संबंध?

आहे, दोन. 'पॉप्युलर टेल्स' (१८०४) या संग्रहातल्या 'लेम जर्व्हस' या गोष्टीत कॉर्नवॉलच्या कथील-खाणीतला लंगडा पोरगा टिपू सुलतानाच्या दरबारापर्यंत पोचतो आणि गोवळकोंड्याच्या हिऱ्याच्या खाणीही पाहतो. टिपू पडून तेव्हा पाचच वर्षं झाली होती. लेखिका भारतात कधी आली नव्हती आणि ते गोष्टीत जाणवतं. सुलतान म्हणजे इंग्रज वाचकाला हवा तसा लहरी जुलमी राजा.

दुसरा संबंध घरचा. तिचा सावत्र भाऊ मायकेल पॅकेनहॅम एजवर्थ कंपनीच्या बंगालच्या मुलकी सेवेत होता आणि वनस्पतीशास्त्रज्ञही होता. हिमालयातल्या 'एजवर्थिया' या झुडपाला त्याचं नाव आहे. तिचं सर्वांत जास्त उद्धृत होणारं पत्र, १९ फेब्रुवारी १८३४ चं, यालाच लिहिलेलं आहे.

त्या पत्रात काय आहे? तिने आयर्लंडवर लिहिणं का थांबवलं?

तिने लिहिलं की आता आयर्लंड जसा आहे तसा कादंबरीत रंगवणं अशक्य आहे. वास्तव फार तीव्र झालं आहे. लोकांना आरशात तोंड बघायचंच नाही, ते आरसा फोडतील आणि धरणाऱ्याला शिव्या घालतील. त्याच वर्षी आलेली तिची शेवटची मोठी कादंबरी 'हेलन' आयर्लंडविषयी नाहीच.

हे नुसतं लेखिकेचं थकणं नव्हतं. १८२६ मध्ये सावत्रभाऊ लव्हेलच्या कर्जामुळे जमीन हातची जायची वेळ आली, तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने सगळा कारभार स्वतःकडे घेतला आणि १८३९ पर्यंत सांभाळला. १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटची दारं उघडली. कूळ आता मालकाच्या सांगण्यावरून मत देईना. दयाळू जमीनदार आणि कृतज्ञ कूळ या जोडीवर तिची 'द ॲबसेंटी' उभी होती; ती जोडी तिच्या डोळ्यांदेखत मोडत होती.

म्हणजे ती जमीनदारांचीच बाजू घेते का?

हा आक्षेप रास्त आहे. चांगला मालक परत आला की सगळं ठीक होईल, हे तिचं उत्तर अपुरं होतं. मालकी मुळात कोणाची, हा प्रश्न 'द ॲबसेंटी' विचारत नाही. पण 'कॅसल रॅकरेंट' वेगळी आहे. तिथे कोणी चांगला मालक येत नाही, आणि बोलण्याचा अधिकार सगळा नोकराकडे आहे. तिचं सर्वांत धाडसी पुस्तक तिच्या स्वतःच्या मतांपेक्षा पुढे गेलं, असं आमचं मत आहे.

दुष्काळात तिने काय केलं?

१८४५ पासून बटाट्याचं पीक कुजलं तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती. तिने मदतीसाठी पत्रं लिहिली, कामावर जाणाऱ्यांना पायताणं मिळावीत म्हणून खटपट केली, आणि १८४८ मध्ये 'ऑर्लँडिनो' ही गोष्ट लिहून तिचे पैसे मदतीला लावले. तिच्या बालकथांवर वाढलेल्या बॉस्टनच्या मुलांनी पीठ आणि तांदळाची १५० पिंपं पाठवली. वर लिहिलं होतं, मिस एजवर्थच्या गरिबांसाठी. ती उतरवणाऱ्या हमालांनी मजुरी घेतली नाही, तेव्हा तिने प्रत्येकासाठी लोकरी गळपट्टा विणला.

एजवर्थस्टाउनला जायचं तर?

डब्लिनच्या कॉनॉली स्टेशनवरून स्लायगोकडे जाणाऱ्या गाडीत बसा. मलिंगरच्या पुढचं आणि लाँगफर्डच्या आधीचं स्टेशन एजवर्थस्टाउन. आयरिश पाट्यांवर गावाचं नाव वेगळं, 'मॅस त्रिम' असं दिसेल, गोंधळू नका. कुटुंबाचं घर उभं आहे, पण तिथे आता वृद्धांचं शुश्रूषागृह आहे, त्यामुळे आत फिरायला जाता येईल असं धरून चालू नका. जुन्या शाळेच्या इमारतीत मारिया एजवर्थ सेंटर हे छोटं संग्रहालय आहे. निघण्याआधी उघडण्याच्या वेळा पाहून घ्या. सेंट जॉन चर्चच्या आवारात कुटुंबाची कबर आहे. ऑस्कर वाइल्डची लहानपणी वारलेली बहीण आयसोलाही याच आवारात पुरलेली आहे.

जाण्याआधी 'कॅसल रॅकरेंट' आणि 'द ॲबसेंटी' एवढी दोन वाचून जा, याच क्रमाने. वेळ उरला तर 'ऑर्मंड'. 'पॅट्रोनेज'साठी (१८१४) तिला २,१०० पौंड मिळाले, पण ती प्रचंड लांब आहे आणि बरीचशी इंग्लंडमध्ये घडते. तिच्यापासून सुरुवात केलेले बरेच वाचक मध्येच थांबतात.